शुद्धलेखनाची वाट : हरतालापासून लाल शाईपर्यंत

जैन परंपरेने अक्षराकडे नेहमीच आदराने पाहिले आहे. पंचाचारांपैकी ज्ञानाचाराचे जे आठ भेद सांगितले आहेत, त्यांत काल, विनय, बहुमान, उपधान व अनिह्नव यांच्या बरोबरीने व्यंजन, अर्थ आणि तदुभय हे तीन भेद येतात. व्यंजनाचार म्हणजे सूत्रातील अक्षरे जशी आहेत तशीच उच्चारणे व लिहिणे. अर्थाचार म्हणजे त्यांचा अर्थ यथार्थ जाणणे, आणि तदुभय म्हणजे या दोहोंचा सांभाळ करणे. काना, मात्रा, अनुस्वार यांची हेळसांड हा ज्ञानाचा अतिचार मानला गेला आहे. आज पाचवी ते सातवीच्या वर्गात शिक्षक जे शुद्धलेखन शिकवितात, त्याचा या प्राचीन दृष्टीशी निकटचा संबंध आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या वाटचालीचे सिंहावलोकन उचित ठरावे.

एका बिंदूची कथा

अक्षराच्या चुकीने काय अनर्थ घडतो हे सांगणारी एक प्रसिद्ध कथा कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रांच्या परिशिष्टपर्वात आली आहे. सम्राट अशोकाचा पुत्र कुणाल उज्जयिनीस वाढत होता. तो आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या अध्ययनास आरंभ व्हावा, म्हणून सम्राटाने स्वहस्ते प्राकृतात आज्ञापत्र लिहिले. त्यात 'अधीयउ', म्हणजे 'अध्ययन करावे', असा शब्द होता. सावत्र मातेने काजळाच्या काडीने 'अ'वर एक बिंदू दिला आणि शब्द 'अंधीयउ', म्हणजे 'आंधळा व्हावा', असा झाला. सम्राटाने पत्र पुन्हा न वाचताच त्यावर मुद्रा उमटविली. उज्जयिनीत ते पत्र मोठ्याने वाचण्याचे धैर्य कोणास होईना. परंतु पित्याची आज्ञा मोडावयाची नाही म्हणून कुणालाने आपले नेत्र स्वतःच गमावले. याच कुणालाचा पुत्र संप्रती पुढे जैन धर्माचा महान प्रभावक राजा झाला.

या कथेत दोन धडे आहेत. पहिला बिंदूचा, आणि दुसरा लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचा. शाळेत उत्तरपत्रिका देण्यापूर्वी ती एकदा वाचून काढा, असे शिक्षक सांगतात तेव्हा ते हाच दुसरा धडा देत असतात.

दिगंबर परंपरेतही याच आशयाचा प्रसंग आहे. षट्खंडागमाच्या धवला टीकेत आचार्य वीरसेनांनी तो सांगितला आहे. गिरनारच्या चंद्रगुंफेत वास करणाऱ्या आचार्य धरसेनांकडे पुष्पदंत व भूतबली हे दोन मुनी श्रुताध्ययनासाठी आले. आचार्यांनी परीक्षेसाठी दोघांना एकेक विद्या दिली. एकीत एक अक्षर अधिक होते, तर दुसरीत एक अक्षर कमी. साधना केल्यावर ज्या देवता प्रकटल्या, त्यांपैकी एकीचे दात पुढे आलेले होते, तर दुसरी एकाक्ष होती. देवता विकृत असू शकत नाहीत, तेव्हा दोष मंत्रातच असला पाहिजे, हे दोघांनी ओळखले. मंत्रशास्त्राच्या व्याकरणाने त्यांनी अधिक अक्षर काढले, उणे अक्षर भरले आणि पुन्हा साधना केली. असे शिष्य लाभल्यावरच धरसेनाचार्यांनी आपल्या जवळचे श्रुत त्यांच्या स्वाधीन केले. गुरूने चूक दाखवून दिली नाही. शिष्यांनी ती स्वतः शोधून दुरुस्त केली. ही गोष्ट आजच्या अध्यापकांनीही विचारात घेण्याजोगी आहे.

ज्ञानभांडारे आणि हरताल

मुद्रणकला येण्यापूर्वी ग्रंथ टिकविण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे पुनःपुन्हा नकलून काढणे. पाटण, खंभात, जैसलमेर, मूडबिद्री, कारंजा येथील ज्ञानभांडारे याच श्रमांतून उभी राहिली. नक्कल करणाऱ्याच्या हातून अक्षर चुकले तर त्यावर हरताल, म्हणजे पिवळे खनिज द्रव्य, लावून ते झाकीत व त्यावर योग्य अक्षर लिहीत. गळलेले अक्षर समासात लिहून ओळीत त्या जागी काकपदाची खूण करीत. नकलेच्या अखेरीस 'जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये' अशा आशयाचे वचन लिहिण्याचा परिपाठ होता. आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी यांनी या लेखनकलेचा मार्मिक परिचय करून दिला आहे. आजच्या वहीतील लाल शाईची रेघ ही त्या हरतालाचीच वंशज होय.

व्याकरणशास्त्रातही जैन आचार्यांचे योगदान मोठे आहे. पूज्यपाद देवनंदींचे जैनेंद्र व्याकरण आणि राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील शाकटायन व्याकरण ही त्याची ठळक उदाहरणे. कातंत्र व्याकरण नवशिक्यांना सुगम वाटे, म्हणून भावसेन त्रैविद्यांनी कातंत्ररूपमाला रचली. बाराव्या शतकात गुर्जरनरेश सिद्धराज जयसिंहाच्या विनंतीवरून हेमचंद्राचार्यांनी सिद्धहेमशब्दानुशासन सिद्ध केले. त्याच्या आठ अध्यायांपैकी सात संस्कृताचे असून आठवा प्राकृताचा आहे व त्यातच अपभ्रंशाचेही विवेचन आहे. या ग्रंथाच्या अध्यापनासाठी पाटणमध्ये काकल नावाच्या विद्वानाची नेमणूक झाली. परीक्षा घेतल्या जात आणि उत्तीर्ण होणाऱ्यांना राजा कंकणे देऊन गौरवीत असे, असे प्रभावकचरितात वर्णन आहे. व्याकरणासाठी बक्षीस देण्याची प्रथा आपल्याकडे किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

मराठीचा प्रश्न वेगळा

मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या चरणांजवळील लेखाची गणना होते. 'श्रीचावुण्डराजें करवियलें' असे त्याचे शब्द आहेत. 'राजें' यावरील अनुस्वार निरर्थक नाही. 'राजाने' हा कर्त्याचा अर्थ तो दाखवितो. मराठीतील अनुस्वार पूर्वी असे व्याकरणाचे काम करीत. काही ठिकाणी ते शब्दाचे मूळ दाखवीत. पुढे शतकांच्या ओघात उच्चारातून ते नाहीसे झाले, मात्र लेखनात राहिले.

दुसरी अडचण लिपीची. दप्तरे, पत्रव्यवहार व हिशेब यांसाठी महाराष्ट्रात मोडी वापरली जाई. हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी ती सोयीची. पण तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. व्यापारी पेढ्यांवरील महाजनी लिपीत तर काना-मात्राही गाळीत. 'काकाजी अजमेर गया' असे लिहिलेले पत्र 'काकाजी आज मर गया' असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट मारवाडी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या हसत सांगितली जाते. कुणालाच्या कथेचे हे विनोदी रूप म्हणावे लागेल. व्यवहार जाणणाऱ्यांना मोडी-महाजनीत अडचण येत नसे, कारण लिहिणारा व वाचणारा दोघेही संदर्भ जाणत. शालेय पुस्तक मात्र अनोळखी मुलाच्या हाती जावयाचे असते. तेथे संदर्भावर विसंबून चालत नाही.

म्हणून एकोणिसाव्या शतकात शाळा व छापखाने सुरू झाले तेव्हा बाळबोध लिपीतील मराठी नेमकी कशी लिहावी, हा प्रश्न उभा राहिला. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला आणि शब्दांच्या लेखनाला एक आधार मिळाला. त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) यांनी १८३६ साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि 'मराठीचे पाणिनी' ही पदवी लोकांनी त्यांना दिली. शाळकरी मुलांसाठी त्यांनी लघु व्याकरणही लिहिले. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे मराठी गद्यात रुळली ती इंग्रजीच्या अनुकरणाने, आणि त्यांची ओळख करून देण्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका १८५० सालची. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले आणि या शास्त्राला भक्कम पाया लाभला.

अनुस्वारांचा वाद आणि अठरा नियम

व्याकरण सिद्ध झाले तरी लेखनाचा वाद मिटला नव्हता. 'पांच', 'नांव', 'आंत', 'घरें', 'केलें' असे अनुस्वार उच्चारात नसताना मुलांनी का पाठ करावेत, हा मुख्य प्रश्न होता. १९०० च्या सुमारास साने, गोडबोले व हातवळणे यांनी लेखन उच्चारानुसारी व सुलभ करण्याची सूचना केली. तिच्यावर दीर्घकाळ खडाजंगी झाली. अनुस्वार राखू पाहणाऱ्यांचे म्हणणे असे की, त्यांमुळे शब्दाचे मूळ व व्याकरण कळते. 'नांव' म्हणजे नाम व 'नाव' म्हणजे होडी, हा भेद त्यामुळेच दिसतो. सुधारकांचे म्हणणे असे की, शिक्षण मूठभरांपुरते राहिलेले नाही. खेड्यापाड्यांतील मुलाला संस्कृत येत नाही म्हणून त्याला मराठीही अशुद्ध ठरवावे, हा अन्याय आहे. दोन्ही पक्षांत तथ्य होते. शिक्षणाचा प्रसार जसजसा वाढला, तसतसे दुसऱ्या पक्षाचे पारडे जड होत गेले. कुंभोज येथे जन्मलेल्या जैन कुळातील कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून बहुजनांच्या मुलांना शाळेत आणले, हाही याच प्रवाहाचा भाग होय.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने तयार केलेल्या चौदा नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या, म्हणजेच 'बालभारती'च्या पुस्तकांतून हे लेखन घरोघरी पोहोचले. या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. स्पष्ट उच्चाराचे आणि सामान्यरूपातील अनेकवचनाचे व आदरार्थाचे अनुस्वार तेवढे ठेवले. म्हणून 'महावीराने' हे एकवचन, तर 'महावीरांनी' हे आदरार्थी रूप. एवढासा बिंदू आजही आदर व्यक्त करतो.

अशीच व्यवस्था गुजरातीत याआधीच झाली होती. १९२९ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने गुजरात विद्यापीठाने जोडणीकोश प्रसिद्ध केला. यापुढे कोणीही स्वेच्छेने जोडणी करू नये, असे गांधीजींनी त्या वेळी बजावले होते. आपल्या समाजातील अनेक घरांत गुजराती, मारवाडी, कन्नड आणि मराठी एकत्र नांदतात, त्यामुळे ही तुलना उपयुक्त ठरेल.

वर्गातील अडचण

पाचवी ते सातवी हे वय शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्णायक असते. चौथीपर्यंत मूल पाहून लिहिते. पाचवीनंतर स्वतःची वाक्ये रचू लागते आणि मग चुका दिसू लागतात. सातवीची फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य प्राथमिक शिक्षक होऊ शके, त्या काळी रोज पाच ओळी शुद्धलेखन, आठवड्यास श्रुतलेखन आणि चुकलेला शब्द पाच वेळा लिहिणे हा शिरस्ता होता. त्याने अक्षर सुधारले, परंतु नियमामागचे कारण पुष्कळदा समजले नाही.

नियम तसे थोडे आहेत. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ : कवी, गुरू, मूर्ती, भक्ती. मात्र समासात हाच शब्द पूर्वपदी आला तर मूळ संस्कृत ऱ्हस्व परत येतो : कविवर, गुरुदेव, मूर्तिपूजा, भक्तिमार्ग. म्हणून 'मुनी' दीर्घ आणि 'मुनिश्री' ऱ्हस्व. मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व : किडा, पिसू, महिना. अकारान्त शब्दात तो दीर्घ : गरीब, वकील, सून, परंतु प्रत्यय लागताच ऱ्हस्व : गरिबाला, वकिलाला, सुनेला.

खरी अडचण येथूनच सुरू होते. 'गरीब'चे 'गरिबांना' होते, मग 'महावीर'चे 'महाविरांना' का होत नाही? कारण 'वीर' हा तत्सम शब्द आहे व तत्सम शब्दाचे मूळ लेखन कायम राहते. 'मंदिर', 'गुण', 'विष' हे अकारान्त असूनही ऱ्हस्व राहतात, तेही याच कारणाने. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाने शब्द तत्सम आहे हे ओळखावे कसे? नियम सोपे झाले, तरी त्यांच्या मुळाशी असलेली संस्कृतज्ञानाची अपेक्षा गेली नाही, ही टीका आजही केली जाते आणि ती अनाठायी नाही. अनुभवी शिक्षक म्हणूनच व्याख्येपासून प्रारंभ न करता शब्दांचे गट करतात. गरीब, वकील, सून एका बाजूस व वीर, शरीर, गीत दुसऱ्या बाजूस लिहून 'ला' प्रत्यय लावावयास सांगतात. फरक मुलांनाच सापडतो, आणि स्वतः शोधलेला नियम विसरला जात नाही.

उच्चाराच्या बाबतीतही समंजसपणा हवा. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्या मुलास हसण्यापूर्वी हे आठवावे की, आपल्या महामंत्राचा आरंभ कोणी 'णमो' असा करतो, तर कोणी 'नमो' असा. प्राकृत व्याकरणात शब्दारंभीच्या 'न'चा 'ण' विकल्पाने होतो, असे हेमचंद्राचार्यांनीच नोंदविले आहे. बोलीतील भेद म्हणजे अज्ञान नव्हे. सर्वांना एकमेकांचे लेखन वाचता यावे यासाठी एक प्रमाण रूप हवे, एवढेच शुद्धलेखनाचे प्रयोजन आहे.

इंग्रजीचा भार आता लवकर येतो. पूर्वी पाचवीपासून शिकविले जाणारे इंग्रजी २००० सालापासून राज्यात पहिलीपासून सुरू झाले. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. इंग्रजीत वाक्यारंभी आणि विशेषनामास कॅपिटल अक्षर लागते. मुले गावाचे नाव लहान अक्षरात लिहितात, यात नवल नाही, कारण त्यांच्या लिपीला ही कल्पनाच अपरिचित आहे. दुसरीकडे, इंग्रजी माध्यमातील मुलांना कॅपिटल अक्षरे बिनचूक येतात, पण वेलांटीची दिशा कळत नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली. त्याची अंमलबजावणी पहिली व सहावी या इयत्तांपासून करण्यात आली. सहावीत प्रथमच मराठी हाती घेणाऱ्या मुलासाठी शुद्धलेखनाचे अध्यापन किती सौम्य व सुबोध असावे लागेल, हे सांगणे नको.

पाठशाळा आणि घर

या कामात पाठशाळेचे साह्य होण्यासारखे आहे, कारण तेथील शब्दसंपदा मुलांच्या ओठांवर असते. काही उदाहरणे पाहावीत. 'तिर्थंकर' नव्हे, 'तीर्थंकर'. कारण मूळ शब्द 'तीर्थ'. समभावाच्या साधनेचे व्रत ते 'सामायिक' आणि अनेकांच्या मालकीचे ते 'सामाईक'. सामाईक जिना असतो, सामायिक नव्हे. पर्युषण पर्वानंतरच्या क्षमापनापत्रांत तर 'मिच्छामी दुक्कडम' असे सर्रास छापले जाते. हे मूळ प्राकृत वचन 'मिच्छा मि दुक्कडं' असे असून त्यातील 'मि' म्हणजे 'माझे'. 'माझे दुष्कृत मिथ्या होवो' असा त्याचा अर्थ. शब्द जोडून व दीर्घ करून लिहिले की हा अर्थ झाकला जातो आणि क्षमायाचनेतील 'माझे' हाच शब्द हरवतो. व्यंजन बिघडले की अर्थही बिघडतो, हे ज्ञानाचारातील सूत्र येथे प्रत्यक्ष दिसते.

हे काम केवळ शिक्षकांवर सोपवून भागणार नाही. विवाहपत्रिका, मंदिरातील फलक, दानपाटीवरील नावे, संस्थेची परिपत्रके हीसुद्धा मुलांची पाठ्यपुस्तकेच आहेत. पुस्तकात 'तीर्थंकर' आणि फलकावर 'तिर्थंकर' पाहिल्यावर मुलाने कोणावर विश्वास ठेवावा? फलक रंगविण्यापूर्वी मजकूर एकदा जाणकाराकडून वाचून घेणे, ज्ञानपंचमी अथवा श्रुतपंचमीस ग्रंथपूजनाबरोबर मुलांचे श्रुतलेखन ठेवणे, आणि उत्तीर्णांना शब्दकोश भेट देणे, हे अल्प खर्चाचे उपक्रम कोणत्याही संस्थेस साध्य आहेत. पाटणच्या राजाने कंकणे दिली. आजच्या दात्यांनी कोश द्यावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. एक आपल्या भूमीची भाषा आणि दुसरी आपल्या आगमांची. या योगायोगाचा आनंद मोठा आहे, तसेच त्यातून येणारे उत्तरदायित्वही मोठे आहे. पुष्पदंत-भूतबलींप्रमाणे आपली चूक आपणच शोधून सुधारणारी विद्यार्थ्यांची पिढी समाजात घडावी आणि ज्ञानाचाराची ही ज्योत पुढील पन्नास वर्षेही अशीच तेवत राहावी, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षात सदिच्छा.